थांब आणि थांबा

दोर अचानक थांबला तेव्हा चार ट्रॉल्या दरीवर लटकत होत्या, आणि सगळ्यात वरच्या ट्रॉलीत तिच्या सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी होती.

रोपवेच्या खालच्या खोलीत संगणकासमोर बसलेल्या तिला नोकरीला लागून सोळा दिवस झाले होते. कामगारांच्या घरच्यांना फुकट पास मिळतो, म्हणून सकाळी मोठ्या हौसेने तिनेच दोघींना वर पाठवलं होतं. आता पडद्यावर एक ओळ लुकलुकत होती आणि ती कुठल्या संगणकी भाषेतली आहे एवढंच तिला कळत होतं. ती भाषा येणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलेच एक नाना. ही सगळी यंत्रणा त्यांनी लिहिली होती, आणि मागच्या वर्षी ते वारले.

वारा वाढत चालला होता. हाताने चाक फिरवून ट्रॉल्या खाली आणायच्या तर तीन तास लागणार, आणि हवामानवाले वादळ अर्ध्या तासावर आलंय म्हणत होते.

तिने इंटरनेट धुंडाळायला घेतलं. नऊशे पानांची माहितीपुस्तिका सापडली. तिचं पहिलंच वाक्य असं, की वाचकाला या भाषेचं ज्ञान आहे हे गृहीत धरलं आहे. मग एक पान दिसलं, 'नवशिक्यांसाठी'. तिचा जीव भांड्यात पडला. उघडलं तर आत दोनच शब्द, 'लवकरच येईल', आणि खाली तारीख अकरा वर्षांपूर्वीची. हसावं की रडावं तेच कळेना.

मागे ऑपरेटर उभा होता. सगळे त्याला साडेनऊ म्हणायचे. साडेनऊच्या ठोक्याला कामावर येत असेल म्हणून, असं ती समजून चालली होती. तो गेला आणि कपाटाच्या तळातून एक वही घेऊन आला. ग्रीसचे डाग, आणि नानांचं टपोरं अक्षर. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'नव्या माणसासाठी. घाबरू नका.'

वही चाळताना तिला जरा श्वास घेता आला. प्रत्येक आज्ञेपुढे साध्या मराठीत दोन-चार शब्द होते. हे लिहिलं की चूक पुसली जाते. हे लिहिलं की दोर मुंगीच्या पावलांनी चालतो. तिने चूक पुसली. लुकलुकणारी ओळ गेली. दोर चालवण्याआधी तो थांबवायचा कसा हे बघावं म्हणून तिने पान उलटलं, आणि ती तिथेच अडली.

आज्ञा दोन होत्या. एकीपुढे नानांनी लिहिलं होतं 'थांब'. दुसरीपुढे 'थांबा'. बाकी काही नाही.

साडेनऊने सांगितलं, थांबवायच्या तऱ्हा दोन आहेत. एक दोराला हळूच धरते. दुसरी सगळं एकदम तोडते आणि ब्रेक दाणकन बसतो. एरवी ठीक, पण या वाऱ्यात वरची ट्रॉली झोका खाऊन खांबावरच जायची. कुठली आज्ञा कुठली, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा कारभार बटणांचा, आणि बटणांनी केव्हाच मान टाकली होती.

ती त्या दोन शब्दांकडे बघत बसली. मुलगी रस्त्याकडे धावली की आपण ओरडतो, थांब. सासूबाई गावाला निघाल्या की म्हणतो, अजून दोन दिवस थांबा. नानांच्या मनात हेच असेल का? की लिहिण्याच्या घाईत एक काना राहून गेला असेल? एका कान्यावर दोघींचा जीव टांगला होता.

"नाना अरेतुरे कोणाला करायचे?" तिने विचारलं.

"कोणालाच नाही. दारातल्या कुत्र्यालासुद्धा अहो, बाजूला व्हा म्हणायचे." साडेनऊ जरा घुटमळला. "मला एकदा म्हणाले होते. थांब."

"कधी?"

त्याने डावा हात पुढे केला. करंगळी अर्धीच होती.

"चाकात हात गेला तेव्हा."

तिने मुंगीच्या पावलांची आज्ञा देऊन दोर सोडला. पहिली ट्रॉली डुलत डुलत फलाटाशी आली. तिने डोळे मिटले आणि 'थांबा'पुढची आज्ञा दिली. दाणकन काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा साडेनऊ फलाटावर एका म्हाताऱ्याला हात देऊन उतरवत होता. मग दुसरी ट्रॉली. मग तिसरी. प्रत्येक वेळी तिला वाटे, आपण चुकीची ओळ लिहिली. प्रत्येक वेळी ती वहीतला तो काना बोटाने चाचपून बघे.

शेवटची ट्रॉली आली. साडेनऊने कडी काढली. ट्रॉली अजून वाऱ्याने हलत होती, फलाट आणि ती यांच्यामध्ये हातभर फट होती, आणि खोलीच्या खिडकीत आई दिसताच मुलीने उडी मारायला पाय बाहेर टाकला. आईने ओरडायला तोंड उघडलं. रोजचा तो शब्द तिच्या ओठांवर आला, आणि भीतीने तिथेच अडला.

"थांबा," ती म्हणाली.

मुलगी जागच्या जागी थबकली. एक पाय तसाच हवेत ठेवून तिने मागे वळून आजीकडे पाहिलं, आई नक्की कोणाशी बोलतेय म्हणून.