पक्की बटणं

"तू नुसता बस. काय बोलायचं ते मी बोलते," आई म्हणाली आणि पिशवीतून शाळेचा शर्ट काढून बटणं लावू लागली.

मुलगा दवाखान्याच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला. अभ्यासाला जागता यावं म्हणून कॉलेजात कुणीतरी दिलेल्या गोळ्या सुटल्यापासून त्याचं असंच होतं. राग नाही, रडू नाही. समोर ठेवलं ते खायचं आणि पडून राहायचं.

उरलेल्या गोळ्यांची पुडी त्यानंच आईच्या हातात दिली होती. "फेकून दे. माझ्याच्यानं होत नाही."

"देव पावला," ती म्हणाली होती आणि पुडी पदराखाली घेऊन मोरीकडे गेली होती.

तेव्हापासून तिनं कंबरच कसली. पडदे धुतले, डबे घासले, गणवेशांचं शिवणकाम दुप्पट घेतलं. उठावं तेव्हा मशीन चालूच. शेजारच्या काकू म्हणायच्या, "पोरापायी बाई चंदनासारखी झिजतेय." झिजली होती खरी. मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत चढायची.

"आई, हे बटण तू मघाशीच लावलंस."

"सैल होतं रे."

तिनं ते उसवलं आणि पुन्हा लावलं. मग त्याच्या खालचंही उसवलं.

"मावशी, दुकान इथंच थाटलंत की," नर्स जाता जाता म्हणाली.

"रिकाम्या हातांना चैन पडत नाही गं बाई." आईनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि बाटलीतलं पाणी संपवलं.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी मुलाला ओळखीचं हसू दिलं. मागच्या आठवड्यात तो एकटाच येऊन बराच वेळ बोलून गेला होता.

"कॉलेज?"

"जातो."

"छान. बसा, ताई."

आई बसली, पण खुर्चीच्या कडेवर. शर्ट मांडीवरच होता.

"झोप कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपेचं काय विचारता? कुंभकर्ण बरा. मी रात्रभर मशीनवर असते ना, म्हणून दिसतं मला."

"आणि जेवण?"

"जेवतो की. समोर बसून वाढते मी."

डॉक्टर थोडा वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिले. सुई टोचून टोचून ती सुजली होती. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"शेवटची गोळी कधी घेतली?"

"निकाल लागला त्या दिवशी. त्यानंतर शिवलासुद्धा नाही हो," आई घाईघाईनं म्हणाली. "गुणी आहे माझं लेकरू."

मुलानं तिच्या हातातली सुई हळूच काढून घेतली.

"आई, ते तुला विचारतायत."