तिसरं बाक

डावा पाय उचलला की निम्मी पैज जिंकली, उजवा उचलला की पुरती. म्हाताऱ्या सुताराने गुडघ्यांवर टेकूनच 'आमेन' म्हटलं, पुढच्या बाकाची कड धरली आणि दात आवळून कामाला लागला. जिंकला तर तिसऱ्या बाकावरची जागा आणखी एक आठवडा त्याची. शेजारची रिकामी जागा बायकोची. ती जाऊन चार वर्षं झाली होती, तरी तिचं गीतपुस्तक समोरच्या फळीवर तसंच होतं. हरला तर मात्र दाराजवळची हातांची खुर्ची. त्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या शवपेट्या त्यानेच ठोकल्या होत्या. खुर्ची आणि पेटी यांच्यातलं अंतर त्याला पाठ होतं.

पैज सुनेची. दोन वर्षांपूर्वी तो बाथरूममध्ये घसरला, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, गुडघे टेकायचा हट्ट पुरे झाला. खुर्चीत बसून केलेली प्रार्थनाही देवाला ऐकू येते."

"गुडघे माझे, देव माझा. तुझं काय जातंय?"

"मग लावा पैज. ज्या रविवारी सगळे उठून उभे राहतील आणि तुम्ही खालीच असाल, त्या रविवारपासून खुर्ची."

"कबूल. पण तोवर तोंडातून खुर्ची हा शब्द काढायचा नाही."

सुताराचा भरवसा कानांवर. चर्चमधली चौदाच्या चौदा बाकं त्याच्या हातची. माणसं उठली की ती एकदम करकरतात, आणि करकर झाली नाही तोवर कुणी उठलेलं नाही, हे तो डोळे मिटूनही सांगू शकत होता. दर रविवारी तो धडपडत उभा राही, कोट खाली ओढून नीट करी, आणि मग कुठे मागून करकर ऐकू येई. म्हणजे शेवटचा राहिला बाजूलाच, हा गडी पहिला!

"काय सूनबाई, तरुण गुडघ्यांना गंज चढला वाटतं?"

"तुमची बरोबरी कोण करणार, बाबा?" सून पदराआड हसू दाबत म्हणे.

आमेननंतरही मंडळी हल्ली बराच वेळ देवाशी बोलत राहते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. भक्ती वाढली, म्हणून त्याला बरं वाटे. त्यातलं थोडं श्रेय त्याने स्वतःकडेही घेतलं होतं.

मग एका रविवारी, ऐन प्रार्थनेच्या तोंडावर, बाजूच्या खोलीतली खिडकी धाडधाड आपटायला लागली. पाळकसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुताराच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर कायमचा. तो हळूच उठला आणि त्या खोलीत गेला. बिजागरी घट्ट करत असतानाच त्याला चर्चमधून आमेन ऐकू आलं.

आणि लगेच करकर. चौदा बाकांची, एकदम.

त्याने दाराच्या फटीतून पाहिलं. सगळे चाळीस जण उभे होते. जाडजूड बेकरीवाला, पोस्टातला कारकून, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली निवृत्त नर्सबाई. शाळा अचानक लवकर सुटलेल्या पोरांसारखे ते एकमेकांकडे बघत होते. मग सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या बाकावरच्या रिकाम्या जागेकडे गेल्या. बेकरीवाला वाकला आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळायला लागला.

सुतार स्क्रू पिळत राहिला, पार आटे जाईपर्यंत.

पुढच्या रविवारी तो कुणाशी न बोलता सरळ दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. सून धावत मागे आली.

"बाबा, इथे कुठे?"

"हरलो. दोन वर्षांपूर्वीच हरलोय. मला कुणाचं मिंधं राहायची सवय नाही. तूच सांगून ठेवलंस ना सगळ्यांना?"

"एका शब्दाने नाही." ती खुर्चीशेजारी खाली वाकली. "पहिल्या रविवारी मी डोळे उघडले ते जिंकायलाच. बघते तर तुम्ही आईंच्या जागेवर हात टेकून उठायला बघत होतात. मग माझ्याच्याने उठवेना. बाकीच्यांचं मला काय विचारता? त्यांनाही डोळे आहेत."

सुताराने खुर्चीचे हात घट्ट धरले. "ते काही असो. पैज ती पैज."

"हो ना? मग नीट आठवा. सगळे उठतील आणि तुम्ही खाली असाल, अशी ठरली होती." सुनेने कमरेवर हात ठेवले. "तुम्ही खाली असताना उठलं होतं का कुणी?"

सुताराने तिच्या बोलण्याच्या सांध्यात फट शोधली. सापडली नाही.

तो तिसऱ्या बाकाकडे आला. नर्सबाईंनी काही न विचारता त्याची काठी धरली आणि त्याने गुडघे टेकले. दोन वर्षं तो एकच गोष्ट मागत आला होता: प्रभू, गुडघ्यांत बळ दे. आज त्याला कळलं की ते केव्हाच मिळालं होतं, चाळीस जणांच्या गुडघ्यांत वाटून.

आमेन झालं. एकही बाक करकरलं नाही. मागे कुणीतरी हळूच खोकलं.

सुताराने सवयीने बाकाची कड धरली. मग सोडली, आणि हात सुनेकडे पुढे केला.

"ओढ," तो पुटपुटला. "बघतेस काय नुसती?"

त्याच्या ताठ्याची किंमत दोन वर्षं चाळीस जण मोजत होते. त्या रविवारी ती त्याने एकट्याने मोजली, आणि बाकं लवकर करकरली.