मानेतली भिंत

“माणूस उभा राहतो तो दोनच गोष्टींवर. एक शब्द आणि दुसरी भिंत!” गवंडीकाकांनी तपासणीच्या टेबलावर उताणं पडून जाहीर केलं.

“बोलू नका. मान हलते,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांच्या मानेवर गारेगार जेल थापलं. काकांच्या मते थर जरा असमान बसला होता.

काकांच्या घराण्यात पुरुषांना छातीनं दगा द्यायची रीत होती. वडील गेले, थोरले बंधू गेले, दोघेही साठीच्या आत. काकांची साठी तोंडावर आली होती. म्हणून काकूंनी त्यांना जवळजवळ मुसक्या बांधूनच इथं आणलं होतं. मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत मोजली की हृदयाच्या धोक्याचा अंदाज येतो, असं बाईंनी सुरुवातीला समजावलं होतं. ‘भिंत’ म्हटल्यावर काकांनी पुढचं ऐकलंच नाही. भिंतीतलं त्यांना कोण शिकवणार?

बाई यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पातळ आहे. चांगलीच पातळ.”

उभ्या हयातीत काकांनी नऊ इंचांखालची भिंत बांधली नव्हती. त्याहून पातळ असेल तिला ते भिंत म्हणतच नसत, आडोसा म्हणत. त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला.

“ऐकलंस? आईबापांनी माल कमी घातला गं.”

“तोंडात तर भरपूर घातलाय. गप पडा.” पण काकूंनीही हात सोडला नाही.

“मी गेल्यावर लेकीकडे राहा. जावयाशी जमवून घे. मला नाही जमलं.”

“कुठं निघालात?” बाईंनी वळून विचारलं. “अहो काका, ही भिंत पातळच हवी. जाड होत गेली की धोका वाढतो. तुमची तर तिशीतल्या माणसासारखी आहे. घराण्यात त्रास आहे, तेव्हा अधूनमधून दाखवत राहा. पण आज मजेत घरी जा.”

काकू मटकन स्टुलावर बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. कमी मालाचं काम काकांना आयुष्यात पहिल्यांदाच पसंत पडलं होतं.

मग ते उठून बसले. दार नीट लागलंय याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

“बाई, एवढं करा. पातळ भिंत चांगली असते, हे माझ्या गिऱ्हाइकांना कळू देऊ नका.”