वाळूतली गळती

“साहेब, आठच दिवस द्या. अंडी फुटली की मी स्वतः बंद करतो,” शिवदास म्हणाला. हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता, पण चाक फिरवायचा धीर होत नव्हता.

मयुरेश, पुण्याहून आलेला तरुण इंजिनिअर, गाडीतून उतरलाच नव्हता. “काका, ऑर्डर वरून आलीय. मी काय करू? आणि फोटो कुणी टाकला होता?”

शिवदासनेच. आता बोला! आखातातल्या या सखीरच्या वाळवंटातून शेतांकडे शुद्ध केलेलं सांडपाणी नेणारी ही लाइन. दोन वर्षांपूर्वी तिचा एक जोड गळायला लागला. पाणी वाळूत पसरलं, उतार संपला तसं मंदावलं, बरोबरचा गाळ टाकत गेलं आणि आपल्याच गाळाला अडून फुटलं. एका ओहोळाचे सात झाले. पुढे समुद्र नाहीच, तिथंच जिरायचं. पण जिरता जिरता त्यानं पुरुषभर उंच बोरू उगवले, चतुर आणले, मासे तर कुठून आणले देव जाणे.

शिवदास कुडाळचा. गेल्या आठवड्यात बोरूंमध्ये पाणकोंबडीचं घरटं दिसलं आणि गडी हरखलाच. मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘अगदी आमच्या गावासारखं!’ सगळ्यांनी वा वा केलं. त्यात कंपनीच्या मोठ्या साहेबांची बायकोही होती. तिनं कौतुकानं नवऱ्याला दाखवला. त्याला अंडी दिसली नाहीत, गळती दिसली.

“घरट्याभोवती पाणी आहे म्हणून कुत्री जात नाहीत, साहेब.”

“कळतंय हो. पण माझ्या हातात आहे का काही? यल्ला, काका, चला, आटपा.”

शिवदासच्या तरी कुठं होतं! त्यानं चाक फिरवलं.

जोडावर क्लॅम्प बसवेपर्यंत दुपार झाली. तोवर ओहोळ आटले होते. उरलेल्या डबक्यांत मासे तडफडत होते, आणि कुठून कुठून बगळे उतरत होते. दहा, वीस, मग मोजता येईनात. पलीकडे दोन कुत्री चिखल सुकायची वाट बघत बसली होती.

मयुरेशनं गाडीची काच खाली केली, मोबाइल बाहेर काढला आणि फोटो घेतला. त्याचा चेहरा एकदम खुलला.

“बघा काका, उगाच जीव टांगणीला लावलात. पक्षी उलट वाढलेत!”