सावेडीत फिरायचं

"चौकातच उतरायचं," एस्तेर उशीला टेकत म्हणाली. "हॉटेलाच्या दारात गाडी न्यायची न्हाई. थोडं चाललं पायजे, त्याबिगर फिरणं कसलं?"

दीनानं आईच्या पायांकडं बघितलं. पलंगापासून मोरीपर्यंत जायलाही आता हात धरावा लागत होता.

"आई, व्हीलचेअर घेऊ या."

"खुर्चीत बसून कुनी रोमान्स करतं का गं?"

दीना हसली आणि खिडकीचा पडदा उगाच सारखा करत राहिली. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. आवडेल ते करू द्या, एवढंच ते म्हणाले होते. आईच्या मनातून निघालं ते हे : सावेडीत एक संध्याकाळ. नव्या कॅफेंचा, दिव्यांच्या माळांचा तो रस्ता माळीवाड्यातल्या या घरापासून फार लांब नव्हता. पण इसहाक मास्तरांनी उभ्या संसारात बायकोला तिकडं नुसतं फिरायला म्हणून कधी नेलं नव्हतं.

"एवढी एक संध्याकाळ नीट झाली, की माझं काई मागणं न्हाई," एस्तेर म्हणाली. "पप्पांना पांढरा शर्ट दे. खिशात पेन नको, मास्तरकी घरी ठेवायची. आन् बजावून ठेव, बरोबरीनं चालायचं. लगीन झाल्यापासनं बघते, हे आपले धा पावलं पुढं. मागं वळून बघतील तर शपथ!"

"आणि कॅफेत तुझी कॉफी."

"कॉफी नको. पित्त उठतं. सरबत सांगायचं."

दिवसभर कॉफी पिणारी आई. औषधांनी पोट पार बिघडवलं असेल, असं दीनाच्या मनात आलं. निळ्या साडीवरच्या ब्लाऊजचंही तसंच. तो आधीच आईच्या अंगावर लोंबत होता, तरी शिलाईवाल्या लंकाबाईकडं आईनं निरोप धाडला होता : दोन्ही बाजूंनी उसवून सैल कर. अंग भरेल अशी आशा असेल, तर असू दे.

मार्था मावशी सुपाचा डबा घेऊन आल्या. चर्चमध्ये आईच्या शेजारी उभ्या राहून गाणारी ही मैत्रीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

"काय खलबतं चाललीत मायलेकींची?"

"मास्तरांना रोमान्स शिकवायचाय," एस्तेर म्हणाली.

"तुझं आपलं कायतरीच," म्हणत मावशी डबा ठेवून लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या.

रात्री मास्तर ताटावर बसले. पलंगावरच्या बायकोला समोर पाहता येईल अशी जागा त्यांनी धरली होती. ती झोपलेली असली की ते अर्धी भाकरी ठेवून उठत. हे एस्तेरला ठाऊक होतं. म्हणून ती डोळे ताणून जागी राही.

"तिला झेपेल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिची इच्छा आहे, पप्पा."

"मग मी सावकाश चालीन." ते भाकरीकडं बघत म्हणाले, "अगदी सावकाश."

शनिवारी दुपारी दीना भाड्याची व्हीलचेअर आणायला बाहेर पडली. आईचं काही चालू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. येताना तिनं मोगऱ्याचा गजराही घेतला. ती परतली तेव्हा घरात फक्त आई होती. पलंगावर, रोजच्याच गाऊनमध्ये.

"पप्पा कुठायत?"

"रिक्षानं पुढं धाडलं. कोपऱ्यातलं टेबल धरून ठेवा म्हनलं." एस्तेरच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तजेला होता. "काय देखणे दिसत हुते गं! दारातनं दोनदा मागं वळून बघितलं."

"अगं, मग तू अजून अशीच? ऊठ, साडी नेसवते."

"मी कुठं येतीय?" एस्तेर म्हणाली. "मार्था पोचली असंल एव्हाना, माझी निळी साडी नेसून. पप्पांचा फोन आला तर उचलू नको."