खिडकीतले धूळमापक

२०४७ साल होतं. नाशकात तेव्हा पदराला धूळमापक टाचल्याशिवाय बाई घराबाहेर पडत नसे. गाड्यांची बारीक धूळ वर्षभरात ज्याच्या छातीत सर्वांत जास्त गेली, त्याला पालिकेकडून टेकडीवर, स्वच्छ हवेत घर मिळे.

मालन सिग्नलला गजरे विकायची. तिची धाकटी जाऊ सुगंधा घरातच शिवणकाम करायची.

"जाऊबाई, नशीब बाई तुमचं! धूळ खाऊन बंगला," सुगंधा जळून म्हणाली.

"मग ये की चौकात. अर्धी टोपली तुझी," मालन हसली.

फोडणीचा धूर मोजला जाऊ नये म्हणून स्वयंपाकाआधी दोघी मापकं खिडकीत काढून ठेवत. मापकावर नाव मोजणीच्या दिवशीच चढे. त्या दिवशी सकाळी सुगंधाने आपलं मापक तिथेच ठेवून मालनचं उचललं.

टेकडीवरचं घर सुगंधाला मिळालं. मालन चौकातच बसत राहिली. पुढे तिला खोकला जडला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नावावरची मापकाची नोंद पाहिली. "मावशी, तुमच्या छातीत धूळ नाहीच," ते म्हणाले आणि सर्दीच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षांत ती गेली.

तिच्या दहाव्याला सगळा चौक लोटला होता. सुगंधा नव्वदीपर्यंत जगली, पण त्या गर्दीचा हेवा तिला शेवटपर्यंत वाटत राहिला.