मोकळीक

वेळापूरच्या नववीतल्या इंद्रायणीची जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड झाली. सराव संध्याकाळी, आणि नेमके त्याच वेळी तिचे आजोबा भजनाला बसत. तबल्यावर साथ तिचीच. बरेच दिवस तिला सांगायचा धीर होईना. शेवटी ती म्हणाली, “आबा, मी तबला सोडू का? मला खो-खोच खेळायचाय.”

आजोबा हसले. “सोड की! मला बी आता गाताना लई दम लागतोय. तुजा हात बसावा म्हणून गात हुतो.”

तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली विसरली म्हणून ती मैदानावरून घरी परतली. आत आजोबा एकटेच मांडीवर ठेका धरून खड्या आवाजात गात होते. ती दारातच थबकली. मग बाटली न घेताच मैदानाकडे पळत सुटली.